अर्जातला ‘मी’

सिंगापुरात उन्हाळा नावाचा वेगळा ऋतू नाही. बाराही महिने तोच दमट उकाडा, दुपारी तोच गडगडाट आणि तोच पाऊस. तरीही दरवर्षी ठरावीक दिवसांत, आपल्या मंडळाच्या कार्यक्रमानंतर चहाच्या रांगेत, हलक्या आवाजात ‘उन्हाळी’ हा शब्द ऐकू येऊ लागतो. कुणाच्या मुलीने कुठल्या उन्हाळी संशोधन कार्यक्रमासाठी अर्ज केला, कुणाच्या मुलाला बोलावणे आले, कुणी विचारले तर ‘अजून काही ठरलं नाही हो’ असे सांगायचे, असा सगळा मामला. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाबद्दल पूर्वी आपल्याकडे जितकी गुप्तता पाळत, तितकी आता या अर्जांबद्दल पाळतात.

या गुप्ततेतून मला मात्र सूट आहे. माझ्या नावाआधी ‘डॉक्टर’ लागते. ही पदवी अभियांत्रिकीतली, त्यामुळे तापाने फणफणलेले मूल माझ्याकडे कुणी आणत नाही. अर्ज लिहिणारे मूल आणतात. ‘जरा नजर टाका हो, तुम्ही यातून गेलेले आहात.’ अशी नजर टाकता टाकता गेल्या सात-आठ वर्षांत तीन-चार डझन निबंध तरी मी वाचले असतील. एखाद्या प्रकारचे लेखन इतके वाचले की त्याचे रूढ संकेत दिसू लागतात, गुण दिसतात, रोगही दिसतात. कविता-कथेची समीक्षा होते, नाटकाची होते, मग या अर्जानेच काय पाप केले आहे? आपल्या घरांतली सोळा-सतरा वर्षांची मुले आयुष्यात सर्वांत जास्त वेळा खोडून पुन्हा लिहितात तो मजकूर हाच. तेव्हा तो एक साहित्यप्रकार मानून त्याकडे पाहावे, म्हणून हा लेख.

आधी ज्यासाठी हा खटाटोप, त्याची ओळख. या क्षेत्रातले सर्वांत दबदब्याचे नाव म्हणजे रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट. अमेरिकेच्या आण्विक पाणबुड्यांचे जनक म्हणून ओळखले जाणारे ॲडमिरल हायमन रिकोव्हर यांनी जोअन डिजेनारो यांच्याबरोबर १९८३ साली एक संस्था काढली आणि तिने १९८४ पासून हा कार्यक्रम सुरू केला. १९९२ पासून तो बॉस्टनजवळच्या एमआयटीत भरतो. सहा आठवड्यांचा मुक्काम. सुरुवातीला वर्ग, मग एका मार्गदर्शकाच्या हाताखाली खरे संशोधन, शेवटी लेखी प्रबंध आणि तोंडी सादरीकरण. निवडलेल्या मुलाला शिकवणीचे आणि राहण्या-जेवण्याचे पैसे पडत नाहीत. जागा साऱ्या जगासाठी मिळून शंभरच्या आसपास. सिंगापूरमधून मुले जातात ती इथल्या निवडीतून पार पडून. आपल्याकडे शाळा चालू असताना तिकडचा उन्हाळा असतो, हा आणखी एक गमतीचा भाग.

पण त्यासाठी विमानातच बसले पाहिजे असे नाही. इथल्या शिक्षण मंत्रालयाने आणि नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूरने मिळून १९८८ साली ज्युनिअर कॉलेजच्या मुलांसाठी सायन्स रिसर्च प्रोग्राम काढला. संरक्षण खात्याच्या तंत्रज्ञांनी तरुण संरक्षण-शास्त्रज्ञांसाठीचा कार्यक्रम १९९३ मध्ये सुरू केला. नानयांग विद्यापीठाचा स्वतःचा आहे. २००१ पासून सायन्स अँड इंजिनिअरिंग फेअर भरते. प्रत्येकाचे नियम वेगळे. कुठे नागरिकत्व लागते, कुठे शाळेने नाव सुचवावे लागते. त्यामुळे हातात कुठला पास आहे हे पाहून आईबापांनी नियम आधी वाचावेत आणि स्वप्ने मग वाटावीत.

याखेरीज तिसरा एक प्रकार गेल्या काही वर्षांत फोफावला आहे. नाव तितकेच भारदस्त, पत्ता एखाद्या नामवंत विद्यापीठाच्या आवारातला, निवड ‘अत्यंत कठीण’ आणि फी काही हजार डॉलर. ज्याला परवडते त्याची निवड सहसा होतेच. या प्रकाराबद्दल पुढे येईलच.

आता निबंधाकडे वळू. आरंभावरून याच्या तीन जाती पडतात. पहिली बालपणाची. ‘वयाच्या चौथ्या वर्षी मी घरातला रेडिओ उघडला’. (आमच्या पिढीत रेडिओ उघडला की पाठीत धपाटा मिळे, आता प्रवेश मिळतो.) दुसरी आजोबांची. आजोबांना विस्मरण होऊ लागले, किंवा मधुमेहाने पाय गेला, आणि त्या क्षणी लेखकाने पेशींच्या अभ्यासाला वाहून घेतले. आपल्या समाजात मधुमेह इतका नसता तर निम्म्या मुलांना जीवशास्त्राची गोडी लागली नसती, असे हे निबंध वाचून वाटते. तिसरी गावाची. लेखक डिसेंबरच्या सुट्टीत सातारा किंवा जालना जिल्ह्यातल्या गावी जातो, हंडे घेऊन उभ्या असलेल्या बाया पाहतो, आणि पाण्याचा प्रश्न सोडवायचे ठरवून चांगी विमानतळावर उतरतो.

या तिन्ही जाती खोट्याच असतात असे मी म्हणत नाही. आजोबा खरेच आजारी असतात आणि नातू खरेच हळवा झालेला असतो. माझी तक्रार वेगळी आहे. आजोबा पहिल्या परिच्छेदात आजारी पडतात आणि दुसऱ्यात नाहीसे होतात. त्यांना काय आठवते, काय आठवत नाही, सकाळी जास्त विसरतात की संध्याकाळी, हे निबंधात कधीच नसते. हंडेवाल्या बाईला नाव नसते. विहीर किती खोल, ती कोणत्या महिन्यात आटते, गावात टँकर येतो का, हेही नसते. माणसे आणि दुःखे तिथे नेपथ्यासारखी उभी असतात. पडदा उघडला की प्रकाशझोत एकाच पात्रावर पडतो आणि ते पात्र म्हणजे ‘मी’. पुढच्या परिच्छेदात हा ‘मी’ अपयशी होतो, चौथ्यात त्यातून शिकतो आणि पाचव्यात जग बदलायला निघतो. विज्ञान या सगळ्यात विशेषणासारखे येते.

गंमत अशी की आम्ही शाळेत जे अर्ज लिहायला शिकलो तेही तितकेच खोटे होते. ‘आपला आज्ञाधारक’, ‘तसदीबद्दल क्षमस्व’, ‘आपल्या कृपेची वाट पाहणारा’. तिथे ‘मी’ पायपुसण्याइतका लहान होता, आता तो मोनुमेंटाएवढा झाला आहे. आकार बदलला, पण दोन्ही अर्जांत कामाची गोष्ट शोधावीच लागते.

या निबंधांत एक इंग्रजी शब्द हमखास येतो: पॅशन. मुलांना तो मराठीत सांगायला सांगितला की ती अडखळतात, आणि खरे तर मीही अडखळतो. आवड म्हटले तर फिके, ध्यास म्हटले तर भाषणातले. आपल्या रोजच्या बोलीत त्याला जवळचा शब्द आहे ‘नाद’. पण हा शब्द वापरायची एक पद्धत आहे. नाद आपला आपण जाहीर करायचा नसतो. त्याचा बोभाटा दुसरे करतात. ‘त्याला रेडिओचा नाद लागलाय’, ‘हिला त्या किड्यांचं भलतंच वेड’. बोलणारा बहुधा वैतागलेला असतो, कारण जेवण गार झालेले असते, न्हाणीघर अडलेले असते किंवा टेबलावर माती सांडलेली असते. नादाची खूण म्हणजे इतरांना झालेला त्रास. ‘मला विज्ञानाचा नाद आहे’ असे स्वतःच सांगणारा माणूस मराठीत थोडा विनोदीच वाटतो. ज्या भाषेत ही मुले घरी बोलतात तिच्यात हा शहाणपणा आहे; ज्या भाषेत ती अर्ज लिहितात तिच्यात स्वतःची पॅशन स्वतःच सांगावी लागते, आणि सांगता सांगता ती पोकळ होते.

हे मी मोठ्या उंचीवरून लिहीत नाही. वीसेक वर्षांपूर्वी डॉक्टरेटसाठी अर्ज केला तेव्हा माझे ‘उद्दिष्टपत्र’ मी एका सीनिअरच्या पत्रावर बेतले होते. त्यानेही ते कुणाच्या तरी पत्रावर बेतलेले होते. आमच्या वसतिगृहात त्या मजकुराची एक फ्लॉपी फिरत असे आणि प्रत्येक पिढी त्यात आपापली नावे आणि विषय भरी. मला प्रवेश मिळाला. पहिल्याच भेटीत मार्गदर्शकांनी विचारले, ‘तुझा प्रश्न काय आहे?’ माझ्या पत्रात ध्येय होते, तळमळ होती, देशसेवासुद्धा होती, प्रश्न नव्हता. तो सापडायला मला दीड वर्ष लागले, आणि त्या दीड वर्षातल्या रात्री मला अजून आठवतात. म्हणून मुलांच्या निबंधात प्रश्न दिसला नाही की मी अस्वस्थ होतो. प्रवेश हुकेल याची मला तितकी भीती वाटत नाही. प्रवेश मिळेल आणि मग तिथे गेल्यावर हातात काहीच नसेल, याची जास्त वाटते.

मग चांगला अर्ज कसा असतो? समीक्षेत तुलनेला एखादी उत्तम कृती समोर ठेवावी लागते. सुदैवाने ती आपल्याच घरची आहे. २८ जून १८८३ रोजी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रोझेल गावी राहणाऱ्या एका अठरा वर्षांच्या मराठी मुलीने फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे, अल्फ्रेड जोन्स यांच्या नावे, प्रवेशासाठी पत्र लिहिले. ते पत्र आजही फिलाडेल्फियात ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात जपलेले आहे. लिहिणारी आनंदीबाई जोशी. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ कादंबरीमुळे तिची कथा आपल्या घराघरांत माहीत आहे. पण तिचा अर्ज अर्ज म्हणून वाचावा असे फारसे कुणाला सुचत नाही.

पत्र लहान आहे. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करत नाही, हे ती स्वतःच मान्य करते आणि आपले प्रकरण अपवादात्मक आहे म्हणून सवलत मागते. आजचा कोणताही सल्लागार हे वाक्य आधी काढून टाकील. मग ती सांगते की आप्तांचा आणि जातभाईंचा विरोध पत्करून आपण इतक्या दूर आलो, तोच निर्धार पुढे उपयोगी पडेल. आणि मग येतो पत्राचा गाभा: आपल्या देशातल्या स्त्रियांना वैद्यकीय मदतीची फार गरज आहे, आणि पुरुष डॉक्टरच्या हातून ती घेण्यापेक्षा त्या मरण पत्करतात.

या शेवटच्या वाक्यातले कौशल्य पाहण्यासारखे आहे. त्यात ‘मी’ नाही. एक परिस्थिती आहे, इतकी नेमकी की तिच्यातून निष्कर्ष आपोआप निघतो: मदत हवी, पण पुरुषाकडून नको, म्हणजे स्त्री डॉक्टर हवी, आणि ती कुणीतरी होऊन आली पाहिजे. वाचणारा माणूस अर्जदाराकडे पाहत नाही, अर्जदार ज्याकडे बोट दाखवते आहे तिकडे पाहतो. आणि विशेष म्हणजे, स्वतःचे दुःख सांगायला तिच्याजवळ हक्काची जागा होती. चौदाव्या वर्षी तिचे पहिले मूल जन्मून थोड्याच दिवसांत गेले होते. आजच्या साच्यात तो पहिलाच परिच्छेद झाला असता. पत्राचा गाभा तिने त्यावर उभारला नाही.

तरी या पत्राची आरती करावी असेही नाही. त्यात ती लिहिते की आपली प्रकृती चांगली आहे. वास्तविक हिंदुस्थान सोडण्याआधीच तिची तब्येत ढासळू लागली होती. १८८६ च्या मार्चमध्ये ती डॉक्टर झाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेली, वयाची बावीस वर्षेही पुरी व्हायच्या आत. म्हणजे अर्जदाराला जिथे स्वतःबद्दल बोलणे भाग पडले तिथे त्या सत्यनिष्ठ मुलीचेही वाक्य डळमळीत आहे. जिथे ती कामाबद्दल बोलते तिथे प्रत्येक शब्द पक्का आहे. अर्जाच्या साहित्यप्रकाराबद्दल यापेक्षा जास्त शिकवणारा पुरावा मला ठाऊक नाही.

दुसरे उदाहरण मद्रासचे. १६ जानेवारी १९१३ रोजी पोर्ट ट्रस्टमधल्या एका कारकुनाने केंब्रिजच्या हार्डींना पत्र पाठवले. आपण कारकून आहोत, पगार वर्षाला वीस पौंड आहे, विद्यापीठाचे शिक्षण झालेले नाही, इतके सांगून रामानुजन थेट गणितावर आले आणि पुढची पाने प्रमेयांनी भरली. (वयसुद्धा त्यांनी सुमारे तेवीस लिहिले, होते पंचवीस. स्वतःबद्दलची वाक्ये इथेही कच्चीच!) हार्डींनी ती पाने वाचली आणि पुढचा इतिहास घडला. पण त्याआधी केंब्रिजच्याच दोन गणितज्ञांना त्यांनी लिहिले होते आणि त्यांच्याकडून काहीच हाती लागले नव्हते, हेही लक्षात ठेवायला हवे. उत्तम अर्जही परत येतो.

यावर कुणी म्हणेल, आणि माझी पत्नी म्हणालीच, ‘तुम्ही सोळा वर्षांच्या पोरांना आनंदीबाई आणि रामानुजन यांच्या शेजारी उभं करता, हा अन्याय नाही का? त्या दोघांजवळ सांगण्यासारखं होतं. आपल्या मुलांजवळ काय आहे? कॉन्डो, पोहण्याचा तलाव आणि ट्यूशन.’ आक्षेप रास्त आहे. शिवाय दोष मुलांचा थोडा आणि रचनेचा जास्त आहे. अर्ज करणाऱ्या जवळजवळ सगळ्यांचे गुण सारखेच उत्तम असले की निवड करणाऱ्याला गुणांवरून काही ठरवता येत नाही. मग उरतात शिफारसपत्रे आणि निबंध. ज्या गोष्टीवर निवड टेकते ती गोष्ट फुगते, हा नियम भाजी मंडईत खरा आहे आणि इथेही खरा आहे. निबंध फुगला, मग तो फुगवून देणारे आले. २०२३ साली अमेरिकेतल्या प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने लिहिले होते की शाळकरी मुलांना पैसे घेऊन संशोधन करवून देणारा आणि त्याचे निबंध ‘प्रसिद्ध’ करवून देणारा मोठा धंदाच उभा राहिला आहे. वर सांगितलेला तिसरा प्रकार तो हाच. त्यातल्या काही जागी चांगले शिक्षक असतात आणि मूल काहीतरी शिकूनही येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ते विकत घेतलेले शिक्षण आहे असे सरळ म्हणावे. त्याला निवड म्हणू नये, आणि सोळाव्या वर्षी छापून आलेल्या शोधनिबंधाचे पेढे वाटण्याआधी तो कुणी तपासला हे विचारावे.

आता २०२२ च्या अखेरीपासून यंत्रेही लिहू लागली. माझा धंदाच सॉफ्टवेअरचा, म्हणून एवढे सांगतो की ही यंत्रे लाखो लेखांच्या वळणाने लिहितात. त्यांना निबंध मागितला की ती चौथ्या वर्षीचा रेडिओ, आजोबा आणि हंडा बिनचूक पुरवतात. म्हणजे साच्यातला निबंध आता फुकट झाला. जी गोष्ट फुकट झाली तिच्यासाठी मुलाची सहा महिन्यांची झोप का घालवायची?

आणि मुलांजवळ सांगण्यासारखे नसते, हे मला आता पटत नाही. त्याचे कारण एक बादली.

दोन वर्षांपूर्वी ज्युनिअर कॉलेजच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी आईबरोबर आमच्याकडे आली. निबंध हवामानबदलावर होता. जगाचे तापमान, बुडणारी बेटे, लेखिकेची तळमळ, सारे जागच्या जागी. मी दोन-चार जागी खुणा केल्या आणि निरोप घेता घेता तिची आई म्हणाली, ‘आता एकदा हा अर्ज गेला की ती बादली तरी हलेल माझ्या स्वयंपाकघरामागून.’ नाद ओळखण्याची खूण मी वर सांगितलीच आहे. मी विचारले, ‘कसली बादली?’

‘काही नाही काका, ते फेल गेलं,’ मुलगी म्हणाली.

हळूहळू हकीकत बाहेर आली. झोपायच्या खोलीतल्या एसीतून रात्रभरात किती पाणी निघते ते तिला मोजायचे होते. पाण्याची नळी तिने मागच्या यार्डातल्या बादलीत सोडली. रोज सकाळी शाळेला निघण्याआधी स्वयंपाकाच्या मापाने पाणी मोजायचे, वहीत लिहायचे आणि हवामान खात्याच्या आर्द्रतेच्या आकड्याशी ताडून पाहायचे. सहा आठवडे हे चालले. हवा जास्त दमट तर पाणी जास्त, असा तिचा साधा अंदाज होता. पण काही दिवशी पाणी अचानक निम्म्यावर येई. तिने एसीचे तापमान एकच ठेवले, दार बंद ठेवले, सर्व्हिसिंगच्या तारखा पाहिल्या, काही जुळेना. मधले चार दिवस मात्र सारे बिंदू शहाण्यासारखे एका ओळीत बसले होते.

‘त्या चार दिवसांत काय वेगळं होतं?’

मुलगी ओशाळली. ‘आजी क्वालालंपूरला आत्याकडे गेली होती.’

आजी नाशिकहून आलेल्या. पहाटे उठून त्या बादलीतले तांब्याभर पाणी गॅलरीतल्या तुळशीला घालत. आणि डेंग्यूची तपासणी करणारे लोक येणार अशी नोटीस लिफ्टपाशी लागली की साठलेले पाणी नको म्हणून जवळजवळ सगळी बादली ओतून देत. ‘चांगलं स्वच्छ पाणी वाया जातंय, म्हणून घातलं हो तुळशीला,’ हे त्यांचे म्हणणे. आजींचे दिवस वगळून मुलीने आलेख पुन्हा काढला. तरीही तो अंदाजाप्रमाणे येईना. तिला आता वाटत होते की आपण बाहेरच्या हवेची आर्द्रता घेतो आहोत. खोलीत चार माणसे बोलत बसली, ओले कपडे वाळत घातले, तर आतली हवा वेगळीच असणार. पण आतली आर्द्रता मोजायला तिच्याजवळ काही नव्हते.

‘हे निबंधात का नाही?’ मी विचारले.

‘काका, ते बरोबर आलंच नाही ना. आणि आजीची बादली, असं लिहिलं तर हसतील सगळे.’

या लेखात मला सांगायचे आहे ते या संवादात आहे. मोजमाप, अंदाज, अंदाज चुकणे, चुकीचे कारण शोधणे, कारण सापडल्यावरही काही शिल्लक उरणे, आणि त्या उरलेल्यातून खरा प्रश्न निघणे, हे सारे या मुलीने स्वतःच्या घरात, आईची बोलणी खात केले होते. संशोधन म्हणतात ते हेच; प्रयोगशाळेत फक्त बादल्या महाग असतात. आणि नेमके तेवढेच गाळून तिने बुडणारी बेटे लिहिली होती, कारण अर्जात यशस्वी ‘मी’ हवा असे तिला आपण सर्वांनी शिकवले होते. चुकलेले लपवायचे, न कळलेले झाकायचे, घरातले लहान वाटते म्हणून टाकून द्यायचे. ही सवय सोळाव्या वर्षी लागली तर पुढे संशोधक होणे अवघड आहे, मग प्रवेश कुठेही मिळो.

तिने निबंध पुन्हा लिहिला. त्यात आजी होत्या, तुळस होती, दोन आलेख होते आणि शेवटी न सुटलेला प्रश्न होता. इंग्रजी पहिल्यापेक्षा साधे होते. त्या वर्षी तिची निवड झाली नाही. वाचकांना गोड शेवट द्यायला मलाही आवडले असते, पण झाले ते असे आहे. कोणत्या कारणाने झाली नाही हे कळायला मार्ग नसतो, आणि निबंधाच्या गुणाचा आणि निकालाचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही. तिच्या वडिलांना वाटते की जुना निबंध पाठवायला हवा होता. त्यांना मी काय सांगणार? गृहस्थ आजही भेटले की जरा तुटकच बोलतात. मुलीने मात्र वाढदिवसाच्या पैशांतून आर्द्रतामापक आणला आहे, बादलीला झाकण आले आहे आणि तुळशीच्या पाण्याची नोंद आजी स्वतः वहीत करतात, असे तिच्या आईकडून कळले.

निबंध वाचायला देणाऱ्या आईबापांना मी आता दोनच गोष्टी सांगतो. पहिली: मुलाच्या निबंधातले जे वाक्य सिंगापुरातल्या दुसऱ्या कुठल्याही हुशार मुलाला लिहिता आले असते, त्यावर पेन्सिलीने रेघ मारा. मग काय उरते ते पाहा. काहीच उरले नाही तर दोष भाषेचा नाही. अजून काम झालेले नाही, आणि ते करायला कुठल्याही संस्थेच्या निवडीची वाट पाहावी लागत नाही. दुसरी: मुलाने घरात कशाचा त्रास दिला आहे ते आठवा. बहुधा निबंध तिथे असतो.

शेवटी पुण्याची एक आठवण, जी पुष्कळांना माहीत असेल. डॉ. जयंत नारळीकरांनी उभी केलेली ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था १९८८ ची. तिथे शाळकरी मुलांसाठी उन्हाळी कार्यक्रम होत असे. शाळांनी पाठवलेली मुले आठवडाभर एकेका शास्त्रज्ञाबरोबर काम करत. पाच परिच्छेदांतला ‘मी’ तिथे कुणी मागितला नव्हता. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले तेव्हा अनेकांनी एक गोष्ट सांगितली. व्याख्यानानंतर मुले स्वाक्षरीसाठी गर्दी करत तेव्हा ते सहसा वहीत सही करत नसत. ते म्हणत, मला पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न विचारून पाठवा. मी उत्तर देईन आणि उत्तराखाली सही असेल. मुले खरेच लिहीत आणि उत्तरे खरेच येत.

पोस्टकार्डावर जागा थोडी असते. चौथ्या वर्षीचा रेडिओ त्यात मावत नाही. पुढच्या खेपेला एखादे मूल निबंध घेऊन माझ्याकडे आले, तर आधी त्याच्या हातात एक कोरे कार्ड द्यायचे मी ठरवले आहे.